शेजारची खुर्ची

कंसात 'हशा' लिहायचा की नाही, हे ठरवायला सभागृहातल्या प्रतिवेदकाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळत नाही. दोघे-तिघे हसले तर सोडून द्यायचे, बाक हलले तर लिहायचे, असा प्रतिवेदन शाखेतला जुना ठोकताळा होता. त्या शुक्रवारी दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी मास्तरीणबाई आपल्या विधेयकावर बोलायला उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "चला, वर्ग भरला. गृहपाठ आणलाय का सगळ्यांनी?"

बाक हलले. शब्दशःकाकांनी मान वर न करता वहीत खूण केली. (हशा).

अध्यक्षांच्या उंच आसनाच्या खाली, सभागृहाच्या अगदी मधोमध प्रतिवेदकांचे छोटे टेबल होते. तिथे पाच मिनिटे बसायचे, कानावर येईल तो प्रत्येक शब्द लघुलिपीत उतरवायचा, पुढचा प्रतिवेदक शेजारी येऊन बसला की उठायचे आणि शाखेत जाऊन लिहिलेले टंकून काढायचे. काकांची चौतीस वर्षे अशी पाच-पाच मिनिटांनी सरली होती. आता निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. एकदा एका मंत्र्याने जाता जाता त्यांना विचारले होते, "काय म्हणत होते हो ते विरोधक, थोडक्यात सांगा." काका म्हणाले, "थोडक्यात मला जमत नाही साहेब, शब्दशः सांगू?" त्या दिवसापासून ते शब्दशःकाका झाले. घरी बायको म्हणायची, "मी सकाळी काय आणायला सांगितलं ते यांना संध्याकाळी आठवत नाही. आणि तिकडे परक्यांची भांडणं स्वल्पविरामासकट लिहून घेतात."

मास्तरीणबाई खरोखरच्या मास्तरीणबाई होत्या. वीस वर्षे शाळेत शिकवून मग निवडून आलेल्या. पक्ष लहान, त्यामुळे जागा कडेला, खांबाच्या आडोशाला. त्यांचे विधेयक तीन पानांचे होते. अत्याचार झालेल्या बाईचा जबाब तिच्याच शब्दांत लिहावा, लिहिलेले तिला वाचून दाखवावे, चुकले असेल ते दुरुस्त करायचा तिला हक्क असावा, दुरुस्ती होईपर्यंत तिची सही घेऊ नये आणि सहीनंतर एक प्रत तिच्या हातात द्यावी. एवढेच. यात क्रांतीबिंती काही नव्हती, पण हे घोंगडे चार वर्षे भिजत पडले होते. सदस्यांच्या खाजगी विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे दोन तास मिळत, त्यातही चिठ्ठ्या टाकून नंबर लागे आणि बाईंची चिठ्ठी काही केल्या निघत नसे. निघाली ती या शेवटच्या अधिवेशनात. पुढे निवडणूक होती. आज मंजूर झाले नाही तर सभागृहाबरोबर विधेयकही संपणार होते.

आणि हे विधेयक मुळात कुठून निघाले, हे त्या सभागृहात दोनच माणसांना ठाऊक होते.

बाई नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पहिल्या भाषणाची टंकलेली पाने घेऊन काका त्यांच्याकडे गेले होते. वर नेहमीची छापील चिठ्ठी टाचलेली होती: 'कृपया बघून घ्यावे. काही चुकले असल्यास दुरुस्त करून सही करावी.'

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे सगळ्यांना देतात?"

"सगळ्या सन्मान्य सदस्यांना, बाई. माणूस बोलला एक आणि छापलं गेलं भलतंच, असं व्हायला नको. शेवटी आमचेही कानच आहेत."

"आणि मी दुरुस्ती केली तर?"

"तिच्या शेजारी मी छोटी सही करतो. म्हणजे बोलणाऱ्याला मान्य आणि लिहिणाऱ्यालाही."

"चांगली पद्धत आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यावर ते संपायचे. पण काकांच्या तोंडून निघून गेले, "माझ्या मुलीला मात्र ही चिठ्ठी कोणी दिली नाही."

बाईंनी पाने बाजूला ठेवली. "बसा भाऊ. काय झालं मुलीला?"

काका सन्मान्य सदस्यांसमोर कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. मुलगी तेवीस वर्षांची असताना एका कचेरीत कारकून होती. साहेबाने तिला रजिस्टर आणायला सामानाच्या खोलीत पाठवले आणि मागोमाग येऊन दार लावून घेतले. ती पोलीस ठाण्यात गेली. सगळे सांगितले. हवालदाराने ते आपल्या भाषेत लिहिले आणि त्यात एक शब्द घातला, 'स्वखुशीने'. तक्रारदार स्वखुशीने सदर खोलीत गेली. चार वर्षे खटला चालला आणि चारही वर्षे साहेबाच्या वकिलाने तो एक शब्द धरून ठेवला. ताई, हा तुमचाच जबाब ना? ही सही तुमचीच ना? साहेब सुटला. मुलगी दूरच्या गावी निघून गेली, तिथे एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दर रविवारी फोन करते. आईच्या गुडघ्याची चौकशी करते आणि ठेवते.

काकांनी बाईंना सगळे सांगितले. एक गोष्ट सोडून.

दोन महिन्यांपूर्वी बाईंनी मुलीचा नंबर मागितला. "नाव नाही घेणार. पण तिचं तिच्या तोंडून ऐकू द्या मला." काकांनी दिला. पुढच्या रविवारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाईंशी बोलले मी." काय बोलली ते तिने सांगितले नाही आणि काकांना विचारायचे धैर्य झाले नाही.

आता बाई खांबाजवळ उभ्या राहून म्हणत होत्या, "अध्यक्ष महोदय, हशा झाला असेल तर मी एका मुलीचं म्हणणं वाचून दाखवते. तिचं नाव मी सांगणार नाही. शब्द तिचे आहेत."

काकांची पेन्सिल चालत होती. ती थांबत नसे. एकदा सभागृहात खुर्च्या उडाल्या होत्या तेव्हाही थांबली नव्हती.

"'साहेबांनी रजिस्टर आणायला सांगितलं म्हणून मी गेले. दार त्यांनी लावलं. मी तीन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी ओरडून म्हणाले. बाहेर टाइप करण्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला.'"

हे काकांना माहीत नव्हते. टाइप करण्याचे त्यांना कधी कळलेच नव्हते. त्यांनी ते लिहिले.

"'ठाण्यात मी टाइपचं सोडून बाकी सगळं सांगितलं. लिहिणाऱ्यांनी विचारलं, स्वतःच्या पायांनी गेलीस ना? मी हो म्हणाले. त्यांनी लिहिलं, स्वखुशीने. वाचून दाखवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे असं नाही. मला बोलायचं होतं. पण सांगायला जवळ कोणी नव्हतं. वडील बाहेर बाकावर बसले होते. मी सही केली.'"

वडील बाहेर बाकावर बसले होते. काकांनी तेही लिहिले. हात त्यांचा होता, पण तो त्यांचे ऐकत नव्हता, बाईंचे ऐकत होता. चौतीस वर्षांची सवय.

काका बाहेर बसले नव्हते. ते शेजारच्या खुर्चीवर बसले होते. खुर्च्या इतक्या जवळ होत्या की तिचे कोपर त्यांच्या कोपराला लागत होते. पत्र्याचे कपाट, टेबलाच्या काचेखाली दबलेले कोणाचे तरी फोटो, सहा तास बसून आखडलेले पाय. हवालदार वाचत होता आणि 'स्वखुशीने' हा शब्द आला तेव्हा काकांचा उजवा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. चुकीचा शब्द कानावर आला की त्यांचा हात तसा जायचाच. मुलीने त्यांच्याकडे बघितले. तिलाही कळले होते आणि त्यांना कळले आहे हेही तिला कळले होते. पण हवालदाराने घड्याळाकडे बघितले होते, बाहेर माणसे ताटकळत होती, आणि काकांना वाटत होते की एकदाचे इथून उठावे, पोरीला घरी न्यावे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते तर पायरीवरूनच पळायला बघत होते. मंत्र्यांच्या भाषणातला काना-मात्रा दुरुस्त करणारा माणूस तिथे मूग गिळून बसला. नुसता बसला असता तरी एक वेळ चालले असते. तो म्हणाला, "सही कर, बाळा. नंतर बघू."

नंतर बघण्यासारखे काही उरले नाही.

शेजारच्या खुर्चीत पुढची प्रतिवेदक येऊन बसली. काकांची पाच मिनिटे संपली होती. ते उठले, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले. कोणाला काही दिसले नाही. प्रतिवेदकाच्या चेहऱ्याकडे बघायची तिथे कोणाला सवयच नव्हती.

शाखेत भिंतीवर एक कर्णा होता. सभागृहात चाललेले सगळे त्यातून ऐकू येई. काका टंकायला बसले तेव्हा कर्ण्यातून एक सदस्य हरकत घेत होते. सदर प्रकरणात न्यायालयाने निकाल दिलेला आहे, जो अधिकारी आणि जो कर्मचारी सभागृहात येऊन आपली बाजू मांडू शकत नाही त्याच्याविषयी असे कसे वाचता येईल?

"अध्यक्ष महोदय," बाईंचा आवाज आला, "जिचं हे आहे, तीही सभागृहात येऊन बाजू मांडू शकत नाही."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाले, "वाचून दाखवलेला मजकूर कामकाजातून काढून टाकण्यात येईल."

काकांची बोटे थांबली नाहीत. ते 'मी सही केली' पर्यंत आले होते.

पुढे मंत्री बोलले. सन्मान्य सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे. या विषयावर सर्वंकष कायदा करण्याचे शासनाच्या विचाराधीन आहे. समिती नेमलेली आहे. तरी विधेयक मागे घ्यावे अशी विनंती आहे. हे भाषण काकांनी गेल्या चौतीस वर्षांत किमान दोनशे वेळा लिहिले असेल, फक्त विषय बदलायचा. मग सदस्याने उठायचे, आश्वासनाबद्दल आभार मानायचे आणि विधेयक मागे घ्यायचे, असा रिवाज होता. कोणाचे काही पडत नसे, कोणाचे काही मोडत नसे.

"मी मागे घेत नाही," बाई म्हणाल्या. "पाडायचं तर पाडा. पण हात वर करून पाडा, म्हणजे कोणी पाडलं ते लिहिलं तरी जाईल."

बाजूने नऊ, विरोधात सतरा. बाकीचे घरी गेले होते.

मुख्य प्रतिवेदक काकांच्या टेबलाशी आले. माणूस सज्जन होता, ओशाळल्यासारखा उभा राहिला. "काका, तुमच्या पाच मिनिटांच्या बारीतली ती वाक्यं. फुल्या मारा तिथे."

"हो साहेब."

काढून टाकलेल्या मजकुराच्या जागी फुल्यांची ओळ छापायची पद्धत होती. सभागृहात कोणी कोणाला शिवी दिली, बापजादे काढले की तिथे फुल्या येत. काकांनी ओळी मोजल्या, मजकूर पुसला आणि फुल्या मारल्या. पानाचा तेवढा भाग शिव्यांच्या पानासारखा दिसू लागला.

सहाच्या सुमाराला मास्तरीणबाई शाखेत आल्या. इतर सदस्य शिपायाबरोबर पाने मागवून घेत, बाई मात्र स्वतः यायच्या आणि शाळेतल्या सवयीने लाल पेन घेऊन बसायच्या. आज पेन काढले नाही. फुल्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"पाडलं भाऊ," त्या म्हणाल्या.

"ऐकलं, बाई."

"त्याचं नाही एवढं. पडायचंच होतं. पण तिचं बोलणं तेवढं राहावं असं वाटत होतं. पुस्तकात छापलं गेलं असतं. कधीतरी कोणीतरी उघडून वाचलं असतं. तेही गेलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मुलीला काय सांगू मी?"

काकांनी विचारले, "ते तुम्ही तिने सांगितलं तसंच वाचलंत?"

"एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुमच्याच भाषेत, शब्दशः." बाई उठल्या. जाताना त्यांनी काकांच्या टेबलावर हात ठेवला. "एक मनात आलं वाचताना. तुम्ही त्या दिवशी आत असायला हवे होतात, भाऊ. तुमच्यासारखा माणूस शेजारी असता तर तो शब्द गेलाच नसता कागदावर."

हीच वेळ होती. खोलीत दुसरे कोणी नव्हते. काकांनी तोंड उघडले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जिना जपून उतरा बाई, दिवा गेलाय तिथला."

बाई गेल्यावर त्यांनी टेबलावरची पाने एकसारखी लावली. म्हणजे आजही आपण तेच केले, हे त्यांना हळूहळू कळले. दहा वर्षांपूर्वी हवालदारासमोर गप्प बसलो, आज जिच्यासमोर बोलायला कसलीही भीती नव्हती तिच्यासमोरही गप्प बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. निघताना त्यांनी खणातून एक छापील चिठ्ठी उचलून खिशात घातली. चौतीस वर्षांत त्यांनी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी कोरा कागद घेतला आणि मुलीचे म्हणणे सुवाच्य अक्षरात लिहून काढले. वहीची गरज नव्हती. दर दोन ओळींमध्ये दुरुस्तीसाठी जागा सोडली. बायको चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"काय लिहिताय?"

"पोरीचा जबाब."

बायकोने कागद ओढून घेतला. ती सावकाश वाचायची, ओळीखाली बोट ठेवून. टाइप करण्याच्या ओळीवर तिचे बोट थांबले आणि तिने पदर डोळ्याला लावला. मग बोट पुढे गेले आणि आणखी खाली जाऊन परत थांबले.

"अहो, तुम्ही तर आत होतात."

"हो."

"मला ठाण्यातून आल्या आल्या सांगितलं होतंत तुम्ही. शेजारीच होतो म्हणालात."

"हो."

"मग हे बाहेर बाकावर काय?"

"ती असं बोलली. मी बोललेलं लिहितो."

बायकोने कागद खाली ठेवला. तिने चष्मा काढून पुसला. "पांघरूण घातलंय हो पोरीने तुमच्यावर. राहू द्या. ओढून काढू नका."

"पांघरूण माझ्यावर आहे," काका म्हणाले, "आणि थंडी तिला वाजतेय."

त्यांनी कागदावर ती छापील चिठ्ठी टाचली. कृपया बघून घ्यावे. काही चुकले असल्यास दुरुस्त करून सही करावी. पाकिटात दुसरे काही घातले नाही.

पाकीट पोचायला आठवडा लागला. दुसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा बायकोने गुडघ्याचे दोन शब्द सांगून फोन त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

"पाकीट मिळालं," मुलगी म्हणाली.

"बघितलंस?"

"बघितलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे." मग थोडी थांबून म्हणाली, "बाईंचा फोन आला होता. सगळं काढून टाकलं म्हणाल्या."

"हो. मीच काढलं. माझ्याच बारीत होतं."

लेकीचे बोलणे बापाने आपल्या हाताने लिहिले होते आणि आपल्याच हाताने पुसले होते.

"मग हे कशाला पाठवलंत आता?" तिने विचारले.

"त्यात एक वाक्य चुकलंय."

"चुकलेलं नाही. मुद्दाम सांगितलंय मी तसं."

"माहीत आहे."

"बाबा, तुम्ही त्यांच्यासमोर रोज बसता. त्यांना काय वाटलं असतं?"

"जे खरं आहे ते वाटलं असतं."

"आणि तुम्हाला?"

काकांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पेन्सिल हातात असती तर निदान बोटांना काही काम असते. "हे बघ," ते म्हणाले, "बाई पुन्हा निवडून आल्या तर विधेयक पुन्हा आणणार. तेव्हा तुझं पुन्हा वाचतील. खोटं वाक्य घेऊन ते पुन्हा उभं नको राहायला. एकदा राहिलंय." त्यांचा आवाज चिरकला, त्यांनी तो सावरला नाही. "त्या दिवशी तुला कोणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. आज विचारतोय. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर."

"बाईंना कळेल."

"कळू दे."

"बघते," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी फोन ठेवताना 'जपा' म्हणायची, आज म्हणाली नाही. बायको आतून आली तेव्हा काका बंद फोनकडे बघत होते.

ते रोज टपालाची वाट बघू लागले. पाकीट येईल अशी त्यांना आशा होती आणि येईल अशी भीतीही होती. गुरुवारपर्यंत आले नाही. शुक्रवारी त्यांचा कचेरीतला शेवटचा दिवस होता. दारात बूट घालत असताना बायकोने पाकीट हातात दिले. "आत्ताच आलंय. मी नाही उघडलं." काकांनी ते न उघडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. दिवसभर ते खिशात होते. वही जमा करताना, कपाटाची किल्ली देताना, किती तरी कागदांवर सह्या करताना ते मधूनच कोटावरून हात फिरवून बघत.

चार वाजता निरोप समारंभ झाला. मुख्य प्रतिवेदक म्हणाले की काकांनी चौतीस वर्षांत एकही शब्द पदरचा घातला नाही आणि एकही गाळला नाही. टाळ्या झाल्या. त्यांच्या नंतरच्या बारीला बसणारी प्रतिवेदक बोलायला उभी राहिली, पण तिला हुंदका आला आणि ती खाली बसली. सगळ्यांनी मिळून काकांना एक चांगले शाईचे पेन दिले. जन्मभर पेन्सिलीने लिहिलेल्या माणसाला निरोपाला पेन, यावर कोणीतरी विनोद केला. पाच-सहा जण हसले. कंसात टाकण्याइतके नव्हते.

सगळे पांगल्यावर काका आपल्या टेबलाशी येऊन बसले. मास्तरीणबाईंच्या नावाचे एक रिकामे पाकीट त्यांनी सकाळीच लिहून ठेवले होते. ते समोर घेतले, मग कोटातले पाकीट काढून फोडले.

कागद तोच होता, चार घड्या पडलेला. तिने तो बरेचदा उघडला-मिटला असावा, घड्यांवर तो मऊ झाला होता. रजिस्टरच्या ओळीत काही बदल नव्हता. दाराच्या ओळीत नव्हता. तीन वेळा नाही म्हणाले, तिथे नव्हता. शेवटी 'सांगायला जवळ कोणी नव्हतं. वडील बाहेर बाकावर बसले होते' यावर पट्टी धरून मारावी तशी सरळ रेघ होती, आणि वर मोकळ्या सोडलेल्या जागेत तिने आपल्या गोल अक्षरात लिहिले होते:

'वडील शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, सही कर, बाळा.'

खाली तिची सही होती.

'बाळा' तिच्या लक्षात होते. त्या दिवसानंतर काकांनी तिला ती हाक कधी मारली नव्हती आणि तिनेही कधी आठवण करून दिली नव्हती. दोघांनी मिळून तो शब्द घरातून काढून टाकला होता. तिने तो जिथल्या तिथे परत ठेवला होता.

काकांनी सगळा कागद सुरुवातीपासून वाचला, हळू आवाजात, समोर कोणी बसले असावे आणि त्याला वाचून दाखवावे तसा. सांगण्यासारखे काही चुकलेले नव्हते. एक शब्द कमी नव्हता, एक जास्त नव्हता. वाचता वाचता त्यांना रडू आले. त्यांनी ते येऊ दिले आणि कागद भिजू नये म्हणून थोडा लांब धरला.

मग त्यांनी नव्या पेनचे टोपण काढले. समासात जागा फारशी उरली नव्हती. तिच्या दुरुस्तीच्या शेजारी जेवढी होती तेवढ्यात त्यांनी छोटी सही केली आणि खाली तारीख घातली.